मिस लोरेटाचा उजवा खांदा

आमच्या मंडळात कित्येक वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं की शैला 'प्रिसिजन इंजिनिअरिंग'मध्ये आहे. हा शब्द माझा नाही, सुहासचा. सुहास म्हणजे माझा नवरा. टेक्सासमध्ये, अर्विंगला सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि सहसा खोटं बोलत नाही. हेही तसं खोटं नव्हतंच. एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं काहीतरी करून आणायच्या जेवणाला, कुणीतरी खोदून विचारलं, प्रिसिजन म्हणजे मेडिकल की एरोस्पेस? सुहास म्हणाला, दोन्हीच्या मधलं, आणि भाताचा अर्धा भरलेला ट्रे उचलून उगाचच स्वयंपाकघरात निघून गेला.

मी बंदुका दुरुस्त करते. माणसाच्या मापाच्या करून देते, आणि गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी रेंजवर नेऊन स्वतः गोळ्या झाडून बघते. यंदा मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिही म्हणून सांगितलं, वर फार धूर काढू नकोस अशी सूचनाही केली. प्रयत्न करते.

मूळची मी इचलकरंजीची. वडिलांचं यंत्रमागांचे सुटे भाग करायचं वर्कशॉप होतं; लेथच्या आवाजात मी पाढे पाठ केले. पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा, पुण्यात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी, मग लग्न, मग अमेरिका, आणि मग डिपेंडंट व्हिसावर घरात बसून पोळ्या. ग्रीन कार्ड आलं तेव्हा मला लेथची इतकी भूक लागली होती की जाहिरातीत 'लेथ आणि मिलिंग येणारं माणूस हवं' एवढंच वाचून मी गाडी काढली. जागा अर्विंगच्या पश्चिमेला तासभर. रस्त्यावरून दिसणाऱ्या पाटीचा अर्धा भाग झाडानं झाकलेला, उरलेल्या अर्ध्यात 'स्मिथ'. मी आत जाऊन मिस्टर स्मिथना भेटायचंय म्हणून सांगितलं. काउंटरमागचा दाढीवाला म्हणाला, इथे स्मिथ कोणी नाही. मी त्याला पाटी दाखवायला बाहेर घेऊन गेले. त्यानं शांतपणे फांदी बाजूला केली. पाटीवर 'गनस्मिथ' होतं.

तो डॅरेल, माझा मालक. आता इथवर आलीच आहेस तर लेथ बघून जा, म्हणाला. मी बघायला म्हणून गेले ती अजून तिथेच आहे.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येते ती सेमी-ऑटोमॅटिक रायफल. नावावरून लोकांना वाटतं की चाप दाबून धरला की ती सुटलीच. तसं नाही. चाप एकदा ओढला की गोळी एकच. फक्त पुढची गोळी आपली आपण नळीत येऊन बसते, हातानं काही मागेपुढे करावं लागत नाही. त्यातली मार्क्समन धाटणीची म्हणजे लांब, जाड नळीची, वर दुर्बीण बसवलेली, दूरवर नेमानं मारायची. अशी रायफल 'आपली' करून घ्यायला लोक येतात, आणि ते काम निम्मं शिंप्याचं असतं. माणसाची मान किती लांब, गाल कुठे टेकतो, हात कुठवर पोचतो, चष्मा आहे का, खांदा दुखतो का, हे सगळं बघून दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग, कमीजास्त करायचा, दुर्बीण पुढेमागे करायची. शिंप्यासारखीच सणाच्या तोंडावर झुंबड. आमचा सण म्हणजे हरणांच्या शिकारीचा मोसम. तो उघडतो नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे नेमका दिवाळीच्या आसपास. त्यामुळे मी कधी दिवाळीच्या कार्यक्रमाला नसायची. मंडळाची सेक्रेटरी अनघा, जी माझी मैत्रीणही आहे, दरवर्षी विचारायची, तुझ्या कंपनीला दिवाळीचं एवढं काय वावडं आहे गं?

काम झालं की रेंज. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवायची, दूर कागद लावायचा आणि पाच गोळ्या झाडायच्या. त्या मध्यभागी लागल्या का, हा पहिला प्रश्न नसतो. एकमेकींजवळ लागल्या का, हा असतो. पाचही एका जागी पण वीतभर डावीकडे गेल्या असतील, तर दुर्बिणीचा स्क्रू फिरवून भागतं. पाच दिशांना पाच गेल्या असतील तर काहीतरी सैल आहे. एक तर रायफल, नाहीतर माणूस. भोकांचा पसारा डॅरेल नाण्यांनी मोजतो. मी मनातल्या मनात पुरी, करंजी, पेढा अशी मापं लावते. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, तेव्हापासून डॅरेलही कागद उतरवताना गिऱ्हाइकाला सांगतो, "दॅट्स अ पेढा, सर." गिऱ्हाइकाला वाटतं हा कुठलातरी मिलिटरीतला शब्द असावा.

तऱ्हेवाईक माणसं पुष्कळ. एकानं रायफलवर टॉर्च, दोन पायांचा स्टँड, होकायंत्र, जास्तीच्या दोन दुर्बिणी आणि पट्टे असं इतकं काही चढवलं होतं की ती उचलून खांद्याला लावताना त्याचा श्वास लागायचा. मी दोन आठवडे त्यावरच्या वस्तू उतरवत होते. शेवटी उरली ती बघून तो म्हणाला, ही तर मी घेतली तेव्हा होती तशीच दिसतेय. बरोबर, म्हटलं. तो फार खूश होऊन गेला आणि नंतर तीन मित्रांना पाठवलं.

सगळ्याच आठवणी अशा नाहीत. एक तरुण आला होता. केस नीट विंचरलेले, बोलणं अदबीचं. त्याला फक्त एक गोष्ट हवी होती: लवकर. शिकारीला का? नाही. स्पर्धा आहे का? नाही. मग घाई कसली, तर उत्तर नाही. डॅरेलनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि सांगितलं की आम्ही हे काम घेणार नाही. तो भांडला नाही, थँक यू म्हणून गेला. आम्ही पोलिसांना फोन केला, त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यानं काही केलेलंच नव्हतं. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. बातम्या लागल्या की मी आधी फोटो बघते. आमच्या दुकानापासून वीस मिनिटांवर आणखी एक दुकान आहे, हेही मला माहीत आहे.

मिस लोरेटा आली ती एका जूनमध्ये. ऐंशीला टेकलेली, चणीनं आमच्या आजीएवढी, डोक्यावर उन्हाची टोपी. टेक्सासमध्ये अशा बाईला सगळे 'मिस' लावून पहिल्या नावानं बोलवतात, मग ती विधवा असो की पणजी. नदीकाठी तिची पेकनची बाग. पेकन म्हणजे अक्रोडाचा इथला भाऊ. बागेत रानडुकरं शिरत होती. पडलेली फळं खायची ते खायची, वर नवी रोपं नांगरल्यासारखी उपटून टाकायची. नवरा वेन होता तोवर तो बघून घ्यायचा. आता तो नव्हता, त्याची रायफल होती. मार्क्समन धाटणीची, आणि वेन साडेसहा फुटी. मिस लोरेटानं ती काउंटरवर ठेवली तेव्हा वाटलं की या बाईनं ही आणली की हिनं या बाईला आणलं.

शेजारचा मुलगा डुकरं मारून द्यायला तयार होता. पण तिला ते नको होतं.

"झाडं मी लावली आहेत, हनी," ती मला म्हणाली. "वेन फक्त सावलीत बसायचा."

मी तिला रायफल खांद्याला लावून बघायला सांगितलं तर तिनं डाव्या खांद्याला लावली. डावखुरी. दस्ता कापून आखूड केला, जड नळी काढून हलकी बसवली, खांद्याशी मऊ रबराची गादी लावली, चष्म्यातून नीट दिसेल अशी दुर्बीण बसवली. गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का कमी व्हावा म्हणून नळीच्या तोंडाशी एक लहान नळकांडं आलं. मी झाडून बघितली. छान पेढा आला. मग तिला रेंजवर बोलावलं.

गोळी सुटली की रिकामं पितळी काडतूस उजव्या बाजूनं बाहेर उडतं. उजव्या माणसाला त्याचा काही त्रास नाही. डावखुऱ्याच्या मात्र ते समोरून उडतं. मी त्यासाठी एक आडपट्टी लावली होती, ती कमी पडली. पहिल्याच गोळीचं गरम काडतूस थेट मिस लोरेटाच्या शर्टाच्या गळ्यातून आत गेलं. मी रायफल पकडली, नळीचं तोंड कागदाकडेच ठेवलं, आणि मिस लोरेटाला सोडून दिलं. ती बाकामागे नाचली. रेंजवरचे सगळे पुरुष अत्यंत सभ्यपणे दुसरीकडे बघत होते.

काडतूस मिळाल्यावर ती परत येऊन बसली. आता गादी नीट बसतेय का बघायला मी तिच्या डाव्या खांद्याखाली हात लावला, आणि हाताला काहीतरी टणक लागलं. कातडीखाली, काडेपेटीएवढं.

"हे काय आहे?"

"ते होय? हृदयाची बॅटरी आहे."

पेसमेकर. वसंतात बसवलेला, आणि बरोबर त्याच जागेवर आम्ही धक्का देणारी रायफल मापून बसवली होती. डॉक्टरांना बंदुकीचं सांगितलं होतं का? तर त्यांनी विचारलं नाही. मी रायफल रिकामी करून पेटीत ठेवली आणि दुकानात येऊन डॅरेलला सांगितलं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. डॉक्टर हो म्हणेपर्यंत रायफल इथून हलणार नाही, असं आम्ही दोघांनी तिला सांगितलं. ती रागावली. मग म्हणाली, ठीक आहे, पण मग तू माझ्याबरोबर चल, मला ते रबर आणि नळकांडं समजावून सांगता येणार नाही. आणि माझी डॉक्टर तुमच्यातलीच आहे.

'तुमच्यातली' म्हणजे भारतातली असेल एवढंच मी समजले. क्लिनिकमध्ये दार उघडून आत आली ती अनघाची लेक सायली. इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली. हिच्या बारशाला मी घुगऱ्या केल्या होत्या. माझ्या अंगात दुकानाचा शर्ट, खिशावर एकमेकींवर आडव्या दोन रायफलींचं भरतकाम.

"शैलामावशी? व्हॉट आर यू डुइंग हियर?"

"ती माझी गनस्मिथ आहे," मिस लोरेटा म्हणाली, आपला वकील दाखवावा तशी.

सायलीनं माझ्या खिशाकडे पाहिलं. "बट आई ऑल्वेज सेड यू डू प्रिसिजन समथिंग."

"हेच ते," मी म्हणाले.

पेसमेकर डाव्या बाजूला कसा काय, हा मुद्दा आधी निघाला. सहसा तो ज्या हातानं माणूस काम करतं त्याच्या विरुद्ध बाजूला बसवतात. सायली म्हणाली की यांनी सगळ्या सह्या उजव्या हातानं केल्या. त्यावर मिस लोरेटानं खुलासा केला. ती सगळं डाव्या हातानं करते, फक्त लिहिते उजव्यानं, कारण शाळेत एक मास्तरीण होती आणि तिच्याकडे पट्टी होती. मला आमच्याकडची डावखुरी पोरं आठवली. पंगतीत डावा हात पानाकडे गेला की जो फटका बसायचा त्याचा आवाज सगळ्या जगात सारखाच असणार.

मशीन तपासायला नर्स मिस लोरेटाला घेऊन गेली. खोलीत आम्ही दोघीच राहिलो. सायलीनं दार लावून घेतलं. मग म्हणाली, ट्रेनिंगमध्ये मी इमर्जन्सीत होते मावशी. गोळी लागलेली माणसं यायची.

"आय यूज्ड टू लुक ॲट देअर शूज फर्स्ट," ती म्हणाली. "चेहरा नंतर."

नकळत मी माझ्याच पायांकडे बघितलं.

"डू यू एव्हर थिंक अबाउट इट? तुझ्या हातून गेलेल्या कुठे जातात?"

"रोज," मी म्हणाले. मग तिला त्या नीट केस विंचरलेल्या मुलाबद्दल सांगितलं. सुहास सोडून दुसऱ्या कुणाला मी ते सांगितलं नव्हतं. तिनं माझी समजूत घातली नाही की दोषही दिला नाही. खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, "ओके. नाऊ टेल मी अबाउट द पिग्ज."

निकाल असा लागला: डाव्या खांद्याला बंदूक लावायची नाही, कधीच नाही. उजव्या खांद्याला लावता येईल, पण तेही सायली प्रत्यक्ष बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. मिस लोरेटा म्हणाली की या वयात मी उजवी कशी होऊ? मी तिला म्हटलं, त्या मास्तरीणबाईंनी निम्मं काम करून ठेवलंय. शिवाय मोतीबिंदू काढल्यापासून तिला उजव्या डोळ्यानंच जास्त स्वच्छ दिसत होतं, आणि काडतूस आता तिच्या अंगावर येणार नव्हतं. हा शेवटचा मुद्दा तिला सगळ्यात जास्त पटला.

मी डावीकडची सगळी मापं खोडून पुन्हा उजवीकडे काम केलं. रायफल महिनाभरात झाली. खांदा झाला नाही. गोठ्याकडे परतलेली म्हैस जशी आपल्याच खुंट्याशी जाऊन उभी राहते, तशी रायफल उचलली की ती डाव्या खांद्याकडेच निघायची. आम्ही रिकाम्या रायफलवर सराव करत होतो म्हणून बरं. मला एक युक्ती सुचली. तिच्या शर्टाच्या डाव्या खांद्यावर मी एक घुंगरू शिवलं, म्हणजे दस्ता तिथे टेकला की वाजेल आणि तिच्या लक्षात येईल. दुकानात ते छान चाललं. रेंजवर काही केल्या चालेना. आमच्या दोघींच्याही कानांवर आवाज अडवणारे मफ्स आहेत, हे ध्यानात यायला मला अख्खी सकाळ लागली.

शेवटी तिचं तिनंच औषध काढलं. ती म्हणाली, मी त्या बाईची पट्टी डोळ्यांसमोर आणते. रायफल डावीकडे वळायला लागली की तिचं तोंड एकदम शाळकरी पोरीसारखं व्हायचं आणि दस्ता मुकाट्यानं उजवीकडे यायचा. पुढे ते तोंड करायची गरजही उरली नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सायली रेंजवर येणार होती. शनिवारी तिथे हुकूम द्यायचं काम माझं असतं. गोळीबार थांबवायचा, सगळ्यांनी बंदुकांवरून हात काढायचे, मग कागद बदलायला पुढे जायचं, हे सगळं माझ्या ओरडण्यावर चालतं. सायलीची गाडी आली. तिच्या शेजारच्या दारातून अनघा उतरली. त्या दिवशी मंगळागौरीच्या खेळांची तालीम होती आणि सायली तिला पुढे तिथे सोडणार होती. नऊवारी, आंबाडा, गजरा, आणि वर टेक्सासचं ऑगस्टचं ऊन. लेकीनं आईला एवढंच सांगितलं होतं की एका पेशंटला बघायला पाच मिनिटं थांबायचंय.

मी पाठमोरी होते. मी जोरात "सीझ फायर!" म्हणून ओरडले आणि ओळीतल्या सगळ्या धिप्पाड बाप्यांनी हात वर केले. मग वळले तर समोर अनघा.

मी तिच्या हातात मफ्स दिले. आंबाड्यावरून ते बसेनात, म्हणून तिनं ते हनुवटीखालून लावले.

मिस लोरेटा उजव्या खांद्याला रायफल लावून बसली. सायली तिच्या मागे उभी राहिली आणि पेसमेकर होता तिथे तिनं आपला तळवा सपाट ठेवला, धक्का तिथपर्यंत किती पोचतो ते बघायला. रायफलला तिनं बोटही लावलं नाही. पहिली गोळी सुटली तशी सायली दचकून उडाली. मिस लोरेटा हलली नाही. तिनं मान न वळवता डॉक्टरला विचारलं की तुमचा खांदा ठीक आहे ना. मग उरलेल्या चार, सावकाश, मध्ये श्वास घेत.

मी कागद घेऊन आले. पाचही भोकं तळहातात मावत होती.

"पेढा," डॅरेल म्हणाला.

"हा पेढा का म्हणतोय?" अनघानं विचारलं. तिचे हे पहिले शब्द.

सायलीनं मिस लोरेटाची नाडी बघितली, तिला दोन प्रश्न विचारले, आणि मग मान हलवली. उजव्या खांद्याला हो. दिवसाला थोड्याच गोळ्या, आणि जरा गरगरलं तर थेट फोन. मिस लोरेटानं तिला मिठी मारली. तोवर अनघा मला बाजूला घेऊन गेली होती.

"इतकी वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"तू सगळ्यांना सांगितलं असतंस."

"अर्थातच सांगितलं असतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण उन्हानं असेल. "असली गोष्ट कुणी गप्प ठेवतं का?"

तालमीला जेवढ्या बायका होत्या तेवढ्यांना तासाभरात कळलं. सुहासला पहिला फोन आला तेव्हा तो भाजी घेत होता. घरी आला तो भेंडी विसरून. सगळ्यांना कळलं, म्हणाला, आणि सोफ्यावर बसून राहिला. मला वाटलं आता भांडण. तर त्यानं विचारलं, "तू ओरडलीस की ते सगळे खरंच हात वर करतात?"

"करतात."

"हं," तो म्हणाला, आणि भेंडी आणायला परत गेला.

ऑक्टोबरात पेकन पडायला लागले. एका सकाळी मिस लोरेटाचा फोन आला. आदल्या संध्याकाळी ती व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली होती. उजेड होता. मोठा डुक्कर आला, रोपांच्या ओळीत शिरला, एक रोप उपटलं. तिनं रायफल उचलली, ती आपोआप उजव्या खांद्याला गेली. एकच गोळी. डुक्कर जागेवर पडला.

"वेननं चार झाडल्या असत्या आणि ट्रॅक्टरला मारल्या असत्या," ती म्हणाली. पुढे म्हणाली, "मग मी थोडी रडले, हनी. डुकरासाठी नव्हे."

मी विचारलं, खांदा? खांद्याला काही झालं नाही, म्हणाली, तुझं रबर चांगलं आहे. त्या आठवड्यात तिनं पेकनचं एक पोतं दुकानात आणून टाकलं. मी ते अनघाकडे पोचवलं. तिनं त्याचे लाडू केले, आणि मंडळाच्या दिवाळीच्या फराळात ते सगळ्यात आधी संपले. त्या कार्यक्रमाला मी होते. डॅरेलनं ऐन मोसमात मला शनिवारची सुट्टी दिली होती.

आभार मानायचं काम सुहासकडे होतं. हॉलवाले झाले, स्वयंपाकवाले झाले, साऊंडवाले झाले. मग तो म्हणाला की लाडवांचे पेकन मिस लोरेटा यांच्या बागेतले, त्या माझ्या पत्नीच्या क्लायंट आहेत. इथवर कागदावर लिहिलेलं होतं. त्यानं कागद खाली ठेवला. "माझी पत्नी बंदुका दुरुस्त करते," तो माइकवर म्हणाला. "उत्तम करते."

कुठूनतरी एक टाळी, मग बऱ्याच. पण नंतर फराळाच्या रांगेत माझ्याशी त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. साडीचं कौतुक झालं, हवेबद्दल बोलणं झालं. मला वाटलं, झालं, आता आपल्याला कुणी घरी बोलवायचं नाही.

त्याच दुपारी पार्किंगमध्ये तिघे मला एकटीला गाठून भेटले. पहिल्या दोघांबद्दल मी काही लिहिणार नाही. तेही हा अंक घेतात. तिसरे वसंतकाका, त्यांनी लिही म्हटलंय. आमच्या मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ. मिनेसोटात ईडन प्रेरीला उभी हयात काढली, निवृत्तीनंतर मुलाकडे अर्विंगला आले, आणि दर रविवारी ध्यानाचा वर्ग घेतात. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि गाडीची डिकी उघडली. योगाच्या सतरंज्या बाजूला सारल्या. खाली कुलूप लावलेली लांब पेटी.

"सूनबाईला बोलू नकोस," ते म्हणाले. "इथे आल्यावर घेतली. सगळे घेतात म्हणून."

गोळ्या कुठे आहेत, मी आधी विचारलं. घरी, वेगळ्या कपाटात, किल्ली माझ्या जानव्याला, म्हणाले. मी पेटी उघडून रायफल जागच्या जागीच तपासली. रिकामी होती. नवी कोरी, सेमी-ऑटोमॅटिक, लांब नळीची, चांगल्यातली चांगली दुर्बीण. काकांनी ती दुर्बीण घरी स्वतःच बसवली होती, व्हिडिओ बघून.

"एकदाच रेंजवर गेलो गं. पण ते निशाण फार लांब दिसतं. इतकं लांब असतं का ते?"

डोळा लावून बघायची गरजच नव्हती. काकांनी दुर्बीण उलटी बसवली होती. जे तोंड डोळ्याकडे हवं ते नळीकडे. मी त्यांच्याकडे बघितलं. ऐंशीच्या पुढचे, इस्त्रीचा झब्बा, कपाळाला गंध, आणि चेहऱ्यावर डॉक्टरसमोर बसलेल्या माणसाची काळजी.

"सोमवारी दुकानात घेऊन या," मी म्हणाले. "काम जरा नाजूक आहे."

"फार वेळ लागेल?"

"बघावं लागेल, काका," मी म्हणाले आणि डिकी लावून घेतली.